इंजिनाजवळ घरचं माणूस

फेब्रुवारीत, मंगळवारी सकाळी, माझी बायको गेली. तिच्या गाडीचं इंजिन तेव्हा काशीमीऱ्याच्या एका गॅरेजमध्ये उतरवून ठेवलेलं होतं.

गाडी तिचीच. तिच्या वडिलांची भाईंदरच्या खाडीत होडी होती. होडी विकली त्या वर्षी त्यांनी ही गाडी घेतली, आणि त्यांच्यामागे ती लेकाकडे न जाता लेकीकडे आली, कारण इंजिनात हात घालायची हौस लेकीला होती. मुंबईच्या जुन्या काळ्या-पिवळ्या टॅक्स्या ज्या जातीच्या होत्या, त्याच जातीची. फक्त रंग फिकट निळा. मला गाडी चालवता येत नाही. मी आयुष्यभर कॉलेजच्या ग्रंथालयात काम केलं आणि तिच्या शेजारी बसून फिरलो. रविवारी सकाळी आम्ही बेव्हर्ली पार्कातल्या आमच्या घरून निघून घोडबंदरला जायचो. किल्ल्याच्या खालच्या अंगाला, खाडी दिसेल अशी गाडी लावली की ती बॉनेट उघडून वाकायची आणि मी सीटवर वाचत बसायचो. "अहो," ती बॉनेटच्या आडून विचारायची, "पान जड झालं असेल तर उलटायला येऊ का?" हा तिचा ठरलेला विनोद होता. मीही ठरल्याप्रमाणे उत्तर द्यायचो नाही.

डिसेंबरात गाडी निळा धूर सोडायला लागली. धूर निळा असला की इंजिन तेल पितंय असं समजायचं, हे मला तिच्याकडूनच कळलेलं. तिने मिस्त्रीकडून इंजिन उतरवून घेतलं, खोलून घेतलं, आणि घरातलं लाकडी स्टूल नेऊन रोज गॅरेजमध्ये बसायला लागली. मिस्त्री त्या दिवशी इंजिनाला हात लावो न लावो, ती बसायची. मला ते अवघड वाटायचं. त्या माणसावर आपला विश्वास नाही हे त्याच्या तोंडावर सांगितल्यासारखं. "तो काय इंजिन खाणार आहे का?" मी एकदा म्हणालो.

"खाणार नाय," ती म्हणाली. "पण बसायचं असतं."

मग ती आजारी पडली. स्टूल तिथेच राहिलं.

हॉस्पिटलच्या अतिदक्षता विभागात नातेवाइकांना बसू देत नाहीत. ठरलेल्या वेळी आत सोडतात आणि वेळ संपली की बाहेर काढतात. एका संध्याकाळी तिने मला विचारलं, "इंजिनाजवळ कोण आहे?" मला वाटलं, तापात बोलतेय. "मिस्त्री आहे," मी सांगितलं.

"मिस्त्री घरचा नाय," ती म्हणाली आणि तिने डोळे मिटले. नर्सने दारातून हात केला. मी बाहेर आलो.

तेराव्यानंतर मिस्त्रीचा फोन आला. चांगला माणूस आहे, उत्तर प्रदेशातला, हायवेलगतच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याचं गॅरेज आहे. "अंकल, आंटी का सुना. बहुत बुरा लगा." मग म्हणाला, "वो इंजिन का क्या करने का? जगह अटकी है ना."

"करायचंय," मी म्हणालो. "पूरा करना है."

चालवणार कोण, हे मला तेव्हापासून सगळ्यांनी विचारलं. शेजाऱ्यांनी विचारलं, सोसायटीच्या सेक्रेटरीने विचारलं, दिवसकार्याला आलेल्या माझ्या रत्नागिरीच्या चुलत्यांनी विचारलं. प्रश्न बरोबर होता. मला एवढंच माहीत होतं की ते इंजिन पुन्हा त्या गाडीत बसून चालू झालं पाहिजे, आणि तेच इंजिन. तसली तयार इंजिनं भंगारवाल्यांकडे मिळतात. टॅक्स्या मोडीत निघाल्या तेव्हा ढिगांनी निघाली. पण ज्या इंजिनावर ती कान ठेवून उभी राहायची ते मला हवं होतं.

मिस्त्रीने समजावलं की त्याचं काम खोलणं आणि जोडणं. मधलं काम मशीनवाल्याचं. ब्लॉक म्हणजे लोखंडाचा मोठा ठोकळा, ज्यात चार गोल भोकं असतात आणि त्यांत पिस्टन वर-खाली धावतात. ती भोकं घासून मोठी झाली होती, ती पुन्हा कापून गोल करायची. त्याला बोअर करणं म्हणतात. आणि क्रँक म्हणजे ब्लॉकच्या पोटातला वाकडातिकडा दांडा, जो पिस्टनच्या उड्यांचं फिरणं करतो. तोही घासून नीट करायचा. "अच्छा मशीनवाला मिला तो इंजिन और बीस साल चलेगा," मिस्त्री म्हणाला. न मिळाला तर काय, ते त्याने सांगितलं नाही.

पहिला मशीनवाला त्यानेच सुचवला. काशीमीऱ्यालाच, ट्रकांच्या गॅरेजांच्या मागच्या गल्लीत. आधी क्रँक द्यायचा ठरला. मालकाने मला खुर्ची दिली, थंड पाणी दिलं, क्रँक उजेडात फिरवून बघितला. मी तिथे किती वेळ थांबावं याचा अंदाज घेत होतो, तेवढ्यात तोच म्हणाला, "सर, आप क्यों धूप में बैठोगे? घर जाओ, हो जाएगा तो मैं फोन करता हूँ." मला हायसं वाटलं. "आप पे भरोसा है," असं काहीतरी म्हणून मी निघालो. रिक्षात बसल्यावर आपण हे बऱ्यापैकी निभावलं असंही वाटलं.

फोन आला. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला, तेल लावलेला, चकचकीत क्रँक मी मिस्त्रीकडे पोचवला. त्याने तो हातात घेतला, एका टोकाकडून बघितलं, दुसऱ्या टोकाकडून बघितलं आणि म्हणाला, "ये आपका नहीं है अंकल. बदली का है."

"बदली का मतलब?"

त्याने जे सांगितलं त्याचा अर्थ असा. मशीनवाले अशा जुन्या गाड्यांचे क्रँक घासून तयारच ठेवतात. तुम्ही तुमचा खराब आणून द्यायचा, तयार असलेला घेऊन जायचा. तुमचा मागे ढिगात जातो, सवडीने घासला जातो आणि पुढच्याला मिळतो. यात कोणी कोणाला फसवत नाही. सगळ्यांचा वेळ वाचतो. "आंटी होती तो बोल देती ना, यही चाहिए," मिस्त्री म्हणाला. मग त्याच्या लक्षात आलं आणि तो पाना शोधायला उठला.

मी परत मशीनवाल्याकडे गेलो. मला भांडता येत नाही. पुस्तक उशिरा आणणाऱ्या प्राध्यापकांशीही मी कधी भांडलो नाही, स्मरणपत्रं पाठवली. मी त्याला सांगितलं की मला माझाच क्रँक हवा आहे. तो खरोखर चकित झाला. त्याच्या तोंडावर लबाडीचं काही नव्हतं. त्यानेच मला फायदा करून दिला होता आणि मी तक्रार घेऊन आलो होतो. "सर, इसका साइज आपवाले से अच्छा है. आपका तो घिस के एकदम लास्ट में था."

"तरीपण," मी म्हणालो. "तो घर का है."

तो मला मागच्या बाजूला घेऊन गेला. पत्र्याखाली क्रँकांचा ढीग होता, काळे, तेलकट, एकमेकांत अडकलेले. टॅक्स्यांचेच असणार बहुतेक. त्याने हात केला. "कौन सा है आपका? दिखाओ, अभी के अभी देता हूँ."

मी ढिगापुढे उकिडवा बसलो. पाठीची शिवण उसवलेली असली तरी कोणतं पुस्तक कोणत्या कपाटातलं हे मी ग्रंथालयात हाताने सांगू शकत होतो. इथे मी एक उचलला, ठेवला, दुसरा उचलला. तिने तो कितीदा पुसला असेल, मी गॅरेजमध्ये गेलो की मला तो कितीदा दाखवला असेल, "हे बघा तरी," म्हणून. मी मान हलवली असेल आणि पुन्हा पानात बघितलं असेल. सगळे सारखे होते. मालक घाई करत नव्हता, उभा होता बिचारा. शेवटी मी हात पुसले आणि म्हणालो, राहू दे.

क्रँक असा गेला. राहिला ब्लॉक.

ब्लॉक मी काशीमीऱ्याला द्यायचा नाही असं ठरवलं. भाईंदर पूर्वेच्या गाळ्यांमध्ये, जिथे स्टीलची भांडी बनवण्याचे कारखाने आहेत, तिथे एक लेथवाला असल्याचं कळलं. मराठी माणूस होता. बोलता बोलता त्याने विचारलं, "काका, गाव कुठलं?" मी सांगितलं. "अरे, मग आपलेच की! आमचं तुमच्या गावच्या खाडीच्या पलीकडचं." त्याने चहा मागवला. त्याच्या आजोळच्या आणि माझ्या चुलत्यांच्या शेजाऱ्यांचं काहीतरी नातं निघालं. एवढं झाल्यावर मशीन कसलं आहे, पूर्वी असं काम केलंय का, हे विचारणं मला अपमान केल्यासारखं वाटलं. "घरचं काम समजून करतो," तो म्हणाला. मी ब्लॉक तिथे सोडला.

पुढे तो फोन उचलेनासा झाला. उचलला की एकच वाक्य: "काका, उद्या नक्की." वीज गेली होती, मशीनचा पट्टा तुटला होता, कारागीर गावी गेला होता. एकदा मी स्वतःच गेलो तर ब्लॉक दारात उलटा होता आणि त्यावर डबे ठेवून दोघं जेवत होते. तिने बघितलं असतं तर काय केलं असतं याचा मी विचार करत राहिलो आणि त्यांचं जेवण होईपर्यंत बाहेर उभा राहिलो.

अखेर झालं म्हणून निरोप आला. मिस्त्रीने ब्लॉकच्या भोकात जुना पिस्टन सोडला. तो तसाच खुळखुळत खाली गेला. त्याने बोट आत फिरवलं. "बोअर नहीं किया. सिर्फ कागद मारा है." म्हणजे पॉलिशपेपर घासून आतून चमकवलं होतं. मी गाववाल्याला फोन केला. तो लगेच म्हणाला, "काका, गणपतीला येताय ना गावाला? या, आमच्याकडे या जेवायला." मी काय बोलायचं ठरवलं होतं ते सगळं विसरलो. हो म्हणालो.

तो संताप मला दिवसभर पुरला, आणि त्यातला अर्धाअधिक माझ्यावर होता.

जुन्या गाड्यांच्या हौशी लोकांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी मला घातलं. तिथे सगळेजण फार सज्जन होते. कोणी कोईमतूरचं नाव सुचवलं, कोणी कोल्हापूरचं, आणि मग त्या दोघांची आपसात जुंपली. एकाने मला खासगीत विचारलं की गाडी विकणार असाल तर आधी मला सांगा. मी ग्रुप गप्प करून ठेवला.

ब्लॉक मी घरी आणला. दोन हमालांनी तो लिफ्टमधून वर आणला आणि दिवाणखान्यात पुस्तकांच्या कपाटाशेजारी वर्तमानपत्रांवर ठेवला. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी आले. गृहस्थ जुने परिचयाचे, गुजराती, मराठी स्वच्छ बोलतात. आधी त्यांनी तिची आठवण काढली. मग म्हणाले, "आता जनरल बॉडीत ठराव झालाय. जी गाडी चालत नाही, ती पार्किंगमध्ये ठेवायची नाही. तुम्हाला म्हणून दिवाळीपर्यंत थांबतो. राग नका मानू."

"ती चालेल," मी म्हणालो.

त्यांनी कपाटाकडे बघितलं, ब्लॉककडे बघितलं. "कोण चालवेल?"

मे महिन्यात तिचा धाकटा भाऊ आला. तो जुन्या भाईंदरात राहतो, बर्फाचा टेम्पो चालवतो. बर्फाच्या कारखान्यातून लाद्या उचलून बंदरावर होड्यांना पोचवायच्या, हे काम. बहिणीच्या कपाटातली एक साडी बायकोसाठी मागायला आला होता. दारात चपला काढता काढता त्याला ब्लॉक दिसला.

"भाऊजी, ह्यो इथं?"

मी सगळी हकिकत सांगितली. क्रँकची ऐकताना त्याने तोंड वाकडं केलं. गाववाल्याची ऐकताना हसला. "आणि तुमी कुठं होता?"

"घरी."

"घरी," तो म्हणाला. त्याने चपला पुन्हा घातल्या. "चला, पकडा एका बाजूनं. न्हाय जमणार तुमाला. वॉचमनला बोलवतो."

उत्तनच्या रस्त्याला होड्यांच्या इंजिनांचं एक मशीन-शॉप आहे. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, तेव्हा होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात आणि इंजिनं खोलतात. त्याची तयारी सुरू झालेली होती. शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. माझ्या ब्लॉकच्या दुपटी-तिपटीची डिझेल इंजिनं ओळीने मांडलेली, आणि प्रत्येकाजवळ कोणी ना कोणी बसलेलं. एक म्हातारा नाखवा उलट्या क्रेटवर. एक बाई मांडीवर मूल घेऊन. एक माणूस इंजिनाला टेकून चक्क झोपलेला.

मालक पन्नाशीचा, जाड, चष्म्याला दोरी बांधलेला. मेहुण्याला ओळखत होता. त्याने ब्लॉकवर टॉर्च मारला, बोट फिरवलं, आणि पॉलिशपेपर मारणाऱ्याच्या सात पिढ्यांबद्दल बोलला. मग मला म्हणाला, "कोण बसणार?"

मला कळलं नाही.

"घरचं कोण बसणार इथे? मशिनला लावतो तेव्हा घरचं माणूस समोर लागतं मला. नसेल तर मी हात लावत नाही. मागाहून म्हणाल, माझा बदलला, माझा फोडला. या पट्ट्यात माझ्या हाताची नाही अशी होडी दाखवा मला, पण एकटं इंजिन मी घेत नाही."

"भाऊजी बसतील," मेहुणा म्हणाला. "दुसरं काम काय हाय त्यांना."

झोपलेल्या माणसाकडे माझं लक्ष गेलेलं मालकाने बघितलं. "झोपलं तरी चालतं," तो म्हणाला. "घरचं पाहिजे."

परत येताना टेम्पोत मी मेहुण्याला विचारलं, ही या दुकानाची पद्धत आहे का. तो म्हणाला, "सगळ्यांचीच हाय. इंजिन खोललं का त्याला एकटं न्हाय ठेवायचं. बाबा ताईला बसवायचे. शाळेतनं आली का दप्तर घेऊन तिथंच. मी पळून जायचो, ती बसायची." थोड्या वेळाने त्याने विचारलं, "तुमाला कधी बोलली न्हाय?"

"बोलली होती," मी म्हणालो.

मी काशीमीऱ्याच्या गॅरेजमधून स्टूल आणलं आणि उत्तनला जाऊन बसायला लागलो. आता इथे काम झपाझप झालं असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. मालकाने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "होड्यांचं आधी. नारळी पौर्णिमेला त्यांना पाण्यात जायचंय. तुमची गाडी काय, नाही चालली तर रिक्षा आहे." मी सकाळची बस पकडून जायचो, दिवसभर ब्लॉकजवळ बसायचो आणि ब्लॉकला कोणी स्पर्शही न करता परत यायचो. ओळीत माझ्यामागून आलेली इंजिनं माझ्यापुढे जायची. पहिल्या आठवड्यात मी पुस्तक नेलं होतं. मालक लांबून ओरडला, "साहेब, ते वाचायला नाही बसवलंय. बघायला बसवलंय."

"पण काही चाललंच नाहीये," मी म्हणालो.

"मग काही न चाललेलं बघा."

नाखवा खो खो हसला. त्यानंतर तो मला मास्तर म्हणायला लागला. "मास्तर, आज पुस्तक न्हाय? परीक्षा झाली वाटतं."

चिडून मी दोनदा ठरवलं की ब्लॉक उचलायचा आणि भंगारात द्यायचा. एकदा तसं मेहुण्याला फोनवर म्हणालोही. तो म्हणाला, द्या, आणि फोन ठेवतो म्हणाला. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा बसमध्ये होतो.

मालकाने जेव्हा एकदाचं माप घेतलं, तेव्हा पहिली गोष्ट त्याने विचारली, "पिस्टन कुठेत?" मी म्हणालो, बोअर झालं की आणतो. त्याने चष्मा कपाळावर सरकवला. आधी पिस्टन हातात घ्यायचे आणि त्यांच्या मापाने भोक कापायचं. आधी भोक कापून मग त्या मापाचे पिस्टन बाजारात शोधायचे नसतात. हे गाववाल्याने मला विचारलंच नव्हतं. म्हणजे त्याच्या मनात बोअर करायचं नव्हतंच. मी पिस्टन शोधायला लागलो. ते मिळेपर्यंत पुन्हा ओळीत मागे गेलो.

पिस्टन आले तेव्हा जुलै संपत आला होता. मालकाने मला जवळ बोलावलं आणि ब्लॉकच्या तिसऱ्या भोकात टॉर्च धरला. "हात घाला."

मी बोट फिरवलं. मला काहीच कळलं नाही, तसं मी सांगितलं.

"कळणार नाही. ऐका." त्याने लहान हातोडीने बाहेरून ठोकलं, एकदा एका बाजूला, एकदा दुसऱ्या. दुसऱ्या बाजूचा आवाज बद्द आला. "पाण्याच्या अंगाने गंजून भिंत पातळ झालीय. पूर्वी कोणीतरी हे शेवटच्या मापापर्यंत कापलंय. आता चारी भोकांत स्लीव्ह घालायला लागेल, म्हणजे नवीन लोखंडी नळी, दाबून. बाकीची तीन ठीक आहेत. हे तिसरं, दाबताना फुटू शकतं. फुटलं तर ब्लॉक गेला."

"नाही घातलं तर?"

"तर कपाटाशेजारी ठेवा. मेहुण्याने सांगितलंय मला."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय वाटायचं? माझं नाही ते. तुम्ही बसलाय ना? तुम्ही सांगा."

गेल्या सहा महिन्यांत सगळ्यांनी मला 'हो जाएगा' सांगितलं होतं. डॉक्टरांनी जे सांगितलं होतं तेही बाहेरच्या बाकापाशी, उभ्या उभ्या, आणि त्यात माझ्या हो-नाहीला जागा नव्हती. मी स्टूलवर जाऊन बसलो. नाखव्याचं इंजिन तोवर तयार होऊन गेलं होतं, तरी तो कोणाशी तरी गप्पा मारायला आला होता. मी परत उठून मालकाला म्हणालो, घाला.

नळी भोकापेक्षा केसभर मोठी असते. म्हणून ती गार करून आकसवतात आणि ब्लॉक तापवतात. मेहुण्याने टेम्पोतून बर्फ आणला, मासे ठेवायच्या पेटीत फोडून भरला, वर मीठ टाकलं आणि चारही नळ्या त्यात पुरल्या. सकाळभर त्या तशा होत्या. पेटीला मासळीचा वास होता. मालकाने ब्लॉक गरम केला, पहिली नळी कपड्याने धरून काढली, भोकावर ठेवली आणि प्रेसने दाबली. गेली. दुसरी गेली. चौथी गेली. तिसरी त्याने मुद्दाम शेवटी ठेवली होती. "इकडे या," तो म्हणाला. "इथे उभे राहा. इथून बघा." मी उभा राहिलो. नळी अर्धी गेली आणि करकर असा आवाज आला. त्याने दांडा थांबवला. शेडमधली बाकीची यंत्रं चालूच होती. त्याने माझ्याकडे बघितलंही नाही, गरम ब्लॉकला कपड्यावरून हात लावून थोडा वेळ उभा राहिला आणि मग पुन्हा सावकाश दाबलं. नळी तळाला टेकली.

नंतर ब्लॉकच्या पाण्याच्या वाटा बंद करून आत दाबाने पाणी भरलं आणि मला समोर बसवलं. कुठे थेंब येतो का बघायचं. मी संध्याकाळपर्यंत बघत होतो. थेंब आला नाही.

"आज नाही पाझरत," मालक म्हणाला. "पुढचं मी सांगत नाही."

मग पिस्टनच्या मापाने भोकं कापली. त्याही वेळी मी समोर होतो. काय चाललंय ते मला थोडं थोडं कळायला लागलं होतं, पण ते कोणाला सांगण्याइतकं नाही.

ब्लॉक काशीमीऱ्याला गेला, बरोबर स्टूलही गेलं. मिस्त्रीने मला बसलेलं बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. "अंकल, मेरे पे भरोसा नहीं क्या?"

"भरोसे की बात नहीं," मी म्हणालो. "घर का आदमी बैठता है."

"आंटी भी यही बोलती थी," तो म्हणाला, आणि कामाला लागला. दुपारी त्याने माझ्यासाठीही जेवण मागवलं.

दसऱ्याच्या आधी इंजिन गाडीत बसलं. मेहुण्याने गाडी चालवत आणली, हळू, कारण नवीन इंजिन सुरुवातीला पळवायचं नसतं. आम्ही घोडबंदरला गेलो नाही. तो म्हणाला जाऊया, मी म्हणालो नको. गाडी थेट पार्किंगमध्ये आली. धूर नव्हता. तीनच दिवसांनी सेक्रेटरींची चिठ्ठी आली की मी सकाळी इंजिन चालू करतो त्या आवाजाचा पहिल्या मजल्याला त्रास होतो. मी त्यांना भेटून सांगितलं की ठरावात फक्त न चालणाऱ्या गाड्यांचा उल्लेख होता. एवढं लांब वाक्य मी त्यांच्याशी पहिल्यांदाच न अडखळता बोललो असेन. त्यांनी वेळ नऊनंतरची ठेवायला सांगितली.

गाडी आता तिच्या जागेवर उभी आहे. इंजिन चालू होतं. ब्लॉक तिचा आहे. क्रँक कोणाचा आहे ते माहीत नाही. मला गाडी चालवता येत नाही. रविवारी नऊनंतर मी खाली जातो, शेजारच्या सीटवर बसतो, हात लांब करून किल्ली फिरवतो आणि इंजिन गरम होईपर्यंत तिथे बसतो.